हार्वे वादळानंतरचे ह्यूस्टन: मदतीचा पैसा मोहल्ल्यापर्यंत कसा पोहोचला, कुठे अडला

वादळ येऊन गेले की पहिले आठ दिवस मदतीला माणसांची कमी नसते. बिर्याणीच्या डेगा चढतात, कपड्यांच्या गोण्या येतात, पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. भिंतींना बुरशी धरलेली, दुकान बंद, शाळा सुरू झालेली पण मुलांची दप्तरे वाहून गेलेली, आणि टीव्हीवाले केव्हाच दुसऱ्या बातमीकडे वळलेले. अशा वेळी घर पुन्हा उभे करायला पैसा कोण देतो, तो कोणाच्या हातून येतो आणि कोणाला मिळतच नाही, हे समजून घेण्यासाठी आम्ही अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचे उदाहरण घेत आहोत. 2017 च्या हार्वे वादळानंतर तिथे अनुदानाची जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यात शिकण्यासारखे बरेच आहे आणि खटकण्यासारखेही आहे.

वादळ आणि पाणी

अटलांटिक महासागर आणि मेक्सिकोच्या आखातात उठणाऱ्या मोठ्या चक्रीवादळांना तिकडे हरिकेन म्हणतात. आपल्या अरबी समुद्रातले चक्रीवादळ आणि हरिकेन एकाच जातीचे, नाव तेवढे वेगळे. हार्वे 25 ऑगस्ट 2017 च्या रात्री टेक्सास राज्यातल्या रॉकपोर्ट गावाजवळ किनाऱ्यावर धडकले, तेव्हा ते चौथ्या श्रेणीचे होते. पाचवी श्रेणी सगळ्यात वरची. रॉकपोर्ट वाऱ्याने मोडले, पण ह्यूस्टन बुडाले ते पावसाने. वादळ पुढे सरकायलाच तयार नव्हते. नेदरलँड या गावाजवळ त्या दिवसांत मिळून 60.58 इंच, म्हणजे साधारण 1,539 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्याला 26 जुलै 2005 आठवते. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता. मुंबईचा मार एका दिवसाचा, तिथला चार-पाच दिवसांचा.

नुकसानीचा अंदाज सुमारे 125 अब्ज डॉलर. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येते, तिथे दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरले. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.) त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश घरांचा पुराचा विमा नव्हता. याचे कारण समजून घ्यायला हवे. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत, त्याची वेगळी पॉलिसी काढावी लागते. नकाशात पूररेषेच्या आत असलेल्या घरांवर कर्ज असेल तर बँक ती काढायला लावते, बाकीचे कशाला काढतील? आणि बुडालेल्या घरांपैकी बरीचशी नकाशातल्या पूररेषेच्या बाहेरची होती.

मशिदींचे दरवाजे

पहिल्या आसऱ्यासाठी शहराने जॉर्ज ब्राउन कन्व्हेन्शन सेंटर उघडले. ठरवले होते त्याच्या दुप्पट, म्हणजे दहा हजारांच्या आसपास माणसे तिथे आली. दुसरे मोठे केंद्र एनआरजी सेंटरमध्ये बेकररिप्ली या 1907 पासून काम करणाऱ्या स्थानिक संस्थेने चालवले.

इस्लामिक सोसायटी ऑफ ग्रेटर ह्यूस्टनने आपल्या मशिदी चोवीस तास खुल्या केल्या. येणाऱ्याला धर्म विचारला जात नव्हता. लोक चटया टाकून झोपले, स्वयंसेवकांनी जेवण केले, गोदामासारखे सामान लावले. 1 सप्टेंबरला बकरी ईद होती. पाणी अजून पुरते ओसरले नव्हते आणि अनेक घरांतल्या बायका-पुरुषांची ईद आश्रय घेतलेल्यांच्या सेवेत गेली. इस्लामिक रिलीफ यूएसए आणि इकना रिलीफ या देशपातळीवरच्या मुस्लिम संस्थाही कामाला लागल्या.

यातून पुढे कायद्याचा एक मुद्दा निघाला. आपत्तीनंतर रुग्णालय, शाळा, संग्रहालय अशा ना-नफा संस्थांच्या इमारती दुरुस्त करायला फेमा ही केंद्राची आपत्ती यंत्रणा पैसा देते. (आपल्याकडच्या परकीय चलनाच्या फेमा कायद्याशी तिचा संबंध नाही.) पण प्रार्थनास्थळांना तो मिळत नसे. स्वतः बुडालेल्या टेक्सासच्या तीन चर्चनी सप्टेंबर 2017 मध्ये कोर्टात धाव घेतली. जानेवारी 2018 मध्ये फेमाने धोरण बदलले आणि फेब्रुवारीत संसदेने ते कायद्यातच घातले. दावा चर्चचा होता, तरी त्या बदलाचा दरवाजा मशीद, मंदिर, सिनेगॉग सगळ्यांना सारखाच उघडला.

निधी कसा चालला

वादळ चालू असतानाच महापौर सिल्व्हेस्टर टर्नर आणि काउंटीचे प्रमुख एड एमेट यांनी हरिकेन हार्वे रिलीफ फंड जाहीर केला. पैसा ठेवायची जागा ठरली ग्रेटर ह्यूस्टन कम्युनिटी फाउंडेशन. कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे शहरातल्या देणगीदारांचा पैसा एकत्र सांभाळून स्थानिक संस्थांना वाटणारी संस्था. जगभरातून या निधीत 11 कोटी 40 लाख डॉलरपेक्षा जास्त जमले.

आता मुख्य गोष्ट. या निधीने एकाही पूरग्रस्ताच्या हातात थेट चेक दिला नाही. पैसा अनुदान म्हणून संस्थांना गेला आणि संस्थांनी तो कुटुंबांपर्यंत नेला. ऑक्टोबर 2017 च्या पहिल्या फेरीत 28 संस्थांना मिळून 75 लाख डॉलर देण्यात आले. बाकीचा पैसा पुढे टप्प्याटप्प्याने गेला. सुरुवातीला निवारा, भिजलेली घरे रिकामी करणे, तात्पुरते भाडे, रोजच्या गरजा, आणि नंतर घरदुरुस्तीवर भर.

एकदम का वाटला नाही, असा राग तेव्हा बऱ्याच लोकांनी काढला. राग चुकीचा म्हणता येणार नाही, ज्याचे घर बुडाले त्याला टप्पे समजत नाहीत. पण सगळा पैसा पहिल्या महिन्यात चादरी आणि धान्यात गेला असता तर सहाव्या महिन्यात छत घालायला काय उरले असते? कोणाला फेमाची मदत मिळाली, कोणाला विमा मिळाला आणि कोण दोन्हीकडून सुटला, हे कळायलाच काही महिने लागतात. त्या सुटलेल्यांसाठीच हा पैसा असतो.

इथे एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, केस मॅनेजर. संस्थेचा हा माणूस एका कुटुंबाची फाइल हातात घेतो. आधी विमा, मग फेमा, मग सरकारी कर्ज, आणि एवढे करून जी गरज उरेल ती संस्थांच्या बैठकीत मांडायची. एक संस्था लाकूड देते, दुसरी मजूर, तिसरी स्वयंपाकघराचे सामान. एकाच नुकसानीचा पैसा दोन ठिकाणांहून घेतला तर सरकार तो परत मागू शकते, म्हणून हा क्रम पाळावा लागतो. खरे सांगायचे तर पूरग्रस्ताला पैशाइतकाच या माणसाचा आधार असतो. पंधरा फॉर्म आणि तीन नकारपत्रे घेऊन म्हातारी आई एकटी कुठे कुठे जाणार?

निधी एकच नव्हता. मायकेल अँड सुसान डेल फाउंडेशनने 3 कोटी 60 लाख डॉलर देऊन रिबिल्ड टेक्सास फंड सुरू केला आणि तो 10 कोटी डॉलरपर्यंत नेला. ह्यूस्टनचा फुटबॉलपटू जे. जे. वॉट याने 2 लाख डॉलर जमवण्याच्या इराद्याने इंटरनेटवर आवाहन केले. जमले 3 कोटी 70 लाखांपेक्षा जास्त. त्यानेही पैसा स्वतः वाटला नाही, अन्न, घरदुरुस्ती आणि बालसंगोपनाचे काम करणाऱ्या संस्थांकडे दिला.

सुटलेले लोक

फेमाकडून घराच्या मदतीची त्या वर्षीची कमाल मर्यादा एका कुटुंबाला 33,300 डॉलर होती. ती कमाल, पुष्कळांच्या हाती त्यापेक्षा फार कमी आले. ज्यांच्याकडे कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रे नाहीत अशा स्थलांतरितांना ही रोख मदत मिळतच नाही. घरात अमेरिकेत जन्मलेले मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो, पण सरकारी दारात जायचीच भीती. अशा कुटुंबांसाठी स्थानिक संस्था हाच एक रस्ता उरला.

दुसरी अडचण वाचून आपल्या कोकणातल्या माणसाला घरची आठवण होईल. घर आजोबांच्या नावावर, वारस आठ, वाटणी कधी झालीच नाही. अमेरिकेत, विशेषतः काळ्या लोकांच्या जुन्या वस्त्यांत, अशी वारसा घरे खूप आहेत. मालकीचा कागद नाही म्हणून फेमा अर्ज फेटाळायची. ही अट सप्टेंबर 2021 मध्ये सैल झाली आणि इतर पुरावे किंवा स्वतःचे प्रतिज्ञापत्रही चालू लागले. हार्वेला तोवर चार वर्षे उलटली होती. त्या चार वर्षांत अशा घरांसाठी वकील देणे, कागद लावून देणे, निदान छप्पर घालून देणे ही कामे अनुदानावर चालणाऱ्या संस्थांनी केली.

तिसरी अडचण खुद्द संस्थांची. अनुदान मागायला नोंदणी लागते, हिशेब तपासलेला लागतो, अर्ज लिहिणारा माणूस लागतो. ज्या गल्लीत पाणी सगळ्यात जास्त, तिथल्या गटाकडे यातले काही नसते. ह्यूस्टनच्या ईशान्य भागात वेस्ट स्ट्रीट रिकव्हरी नावाचा गट याच पुरात तयार झाला. मित्रमंडळींनी लोकांना पाण्यातून बाहेर काढण्यापासून सुरुवात केली आणि पुढे त्याच वस्तीत घरे दुरुस्त करत राहिले. अशा नव्या गटांसाठी तिकडे एक सोय आहे. नोंदणी असलेली मोठी संस्था पालक म्हणून पैसा आपल्या खात्यात घेते, हिशेब ठेवते आणि काम छोटा गट करतो.

सरकारी पैसा मात्र रखडला. पुढच्या पुरापासून बचावासाठी केंद्राने दिलेल्या रकमेतले सुमारे 1 अब्ज डॉलर टेक्सासच्या जमीन कार्यालयाने मे 2021 मध्ये जाहीर केले, तेव्हा ह्यूस्टन शहराच्या वाट्याला शून्य आले. 2022 मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने ठपका ठेवला की वाटपाच्या निकषांतून काळ्या आणि हिस्पॅनिक रहिवाशांशी भेदभाव झाला. राज्याने तो मान्य केला नाही. देणगीचा पैसा सरकारी पैशाची जागा घेऊ शकत नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. बुडालेल्या प्रत्येक घराला 11 कोटी डॉलर वाटले असते तर दर घरामागे हजार डॉलरही आले नसते.

2023 मध्ये त्याच कम्युनिटी फाउंडेशनने आणि युनायटेड वे ऑफ ग्रेटर ह्यूस्टनने मिळून ग्रेटर ह्यूस्टन डिझास्टर अलायन्स ही कायमची व्यवस्था उभी केली. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळ आले तेव्हा निधी आणि संस्थांची साखळी नव्याने जुळवायची गरज पडली नाही.

आपल्याकडे हे कितपत जमेल

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौले उडाली. वर कोरोनाची टाळेबंदी. गावोगावच्या जमाती, मुंबईतली मंडळे आणि आखातातले नातेवाईक यांच्याकडे लोकांचे डोळे लागले. मनाची तयारी असतेच, अडते ते कागदावर.

परदेशातल्या फाउंडेशनचे अनुदान भारतात घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने घ्यायचा आणि गावच्या छोट्या गटाला वाटायचा, हा ह्यूस्टनचा प्रकार परदेशी पैशाच्या बाबतीत आपल्याकडे चालणार नाही. मात्र दुबई किंवा कुवेतला असलेल्या भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. लंडनच्या चाचांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल तर धरतात. पासपोर्ट कोणता, हे देणगी घेण्याआधी विचारायला लाजू नये.

देशातल्या देशात रस्ता मोकळा आहे. आपत्तीतली मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी 2019 पासून कंपन्यांच्या सीएसआर खर्चाच्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेने सीएसआर-1 हा फॉर्म भरून नोंद केलेली हवी. देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून लागणाऱ्या प्रमाणपत्राला (ज्याला सगळे 80जी म्हणतात) एक अट आहे. संस्थेच्या घटनेत ती केवळ एका धर्माच्या लोकांसाठी आहे असे लिहिले असेल तर ते मिळायला अडचण येते. म्हणून मशिदीचा ट्रस्ट वेगळा आणि सर्वांसाठी काम करणारा समाजसेवेचा ट्रस्ट वेगळा, अशी रचना बऱ्याच ठिकाणी करतात. जकातीचे खातेही निराळे ठेवावे, कारण तिच्या खर्चाच्या अटी वेगळ्या आहेत आणि इमारतीच्या दुरुस्तीला ती बहुतेक उलमांच्या मते चालत नाही. घरदुरुस्तीला कशी चालेल ते आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे.

आणि पंचनाम्याची वाट पाहत बसू नये. पाणी उतरले की जमातीच्या दोन तरुणांनी घरोघर फिरून नाव, माणसे किती, भाड्याचे की मालकीचे, सातबारा किंवा घरपट्टी कोणाच्या नावावर, आणि तारखेसह आतले-बाहेरचे फोटो एवढे वहीत आणि फोनमध्ये नोंदवावे. भाडेकरूंची आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे त्यात आधी लिहावी.