पडद्यामागील बैजू

१९५२ सालीं विजय भट्ट यांचा 'बैजू बावरा' हा बोलपट प्रदर्शित झाला. त्यांत अकबराच्या दरबारीं बैजू तानसेनास गाण्यांत जिंकतो. पडद्यावर भारतभूषण व सुरेंद्र हे नट दिसतात. गळे मात्र निराळे. तानसेनाचा कंठ उस्ताद अमीर खां यांचा आणि बैजूचा नाशिकच्या दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा. देसी रागांतील ही जुगलबंदी नौशाद यांनीं बसविली.

दत्तात्रेयांचा जन्म १९२१ सालीं नाशकास झाला. लाहोरास १९०१ सालीं गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर हे त्यांचे वडील. पंचवटींतील रामनाम-आधाराश्रमही त्यांचाच. १९३१ सालीं ते निवर्तले, तेव्हां मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. पुढील तालीम त्याला विनायकराव पटवर्धन यांच्याकडे मिळाली.

कथेच्या सोयीनें जय बैजूच्या पदरीं पडला. परंतु जाणत्या कानांस तेथें कोणी हरल्याचें ऐकूंच येत नाहीं! एका बाजूस अमीर खां यांचा धीरगंभीर स्वर, दुसऱ्या बाजूस पलुसकरांचा निर्मळ ग्वाल्हेरी गळा. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. बोलपटानें त्याहून ऐसपैस जागा दिली, हे त्याचे उपकारच. पण गवई सुर कसा लावतो, समेवर कसा येतो, हें विद्यार्थ्यानें डोळ्यांनींही शिकावयाचें असतें. कॅमेरा समोर असतां तो नटाकडेच वळला.

१९५५ सालीं 'शापमोचन' या बंगाली बोलपटांतही पलुसकरांचा आवाज उमटला. त्याच वर्षीं २६ ऑक्टोबरला, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते वारले.