खेर मंत्रिमंडळ : तुरुंगातून सचिवालयात

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण १९३५ च्या कायद्यापाशी थांबलो होतो. त्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला मिळाल्या ८६, म्हणजे बहुमताला दोन कमी. गव्हर्नरच्या खास अधिकारांचा वाद मिटेपर्यंत काँग्रेसने सत्ता घेतली नाही. तोवर धनजीशा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ होते. मग जुलैत बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले. हो, तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत.

मंत्री अवघे सात. अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. हे पूर्वी कोल्हापूरचे दिवाण होते. गृह आणि कायदा कन्हैयालाल मुन्शींकडे, आरोग्य आणि अबकारी डॉ. गिल्डर यांच्याकडे. महसूल मोरारजी देसाईंकडे, ज्यांनी १९३० साली डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडली होती. पगार महिना ५०० रुपये, पक्षानेच ठरवलेला. काल कायदेभंग करून तुरुंगात गेलेली माणसे आज कायदा करायला बसली होती.

त्यांनी दिलेला शब्द पाळलाही. करबंदीच्या चळवळीत शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या होत्या. त्या परत देण्यासाठी कायदा केला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी आणली. एवढे ऐकून आपण टाळ्या वाजवू. पण थांबा.

१९३८ मध्ये याच मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संपाआधी नोटीस द्यायची, तडजोडीचे सगळे टप्पे पार पाडायचे. त्याआधी संप केला तर तो बेकायदा आणि त्याला शिक्षा. सरकारचे म्हणणे असे की घाईच्या संपात कामगाराचेच नुकसान होते. म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण डॉ. आंबेडकरांनी विधानसभेत कडाडून विरोध केला. काम सोडले म्हणून शिक्षा करणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. गोळीबार झाला. गृहखाते कोणाकडे होते? मिठाच्या सत्याग्रहात स्वतः तुरुंगात गेलेल्या मुन्शींकडे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे आम्हाला इथे प्रश्न पडतो. हे मंत्री लबाड असते तर निकाल सोपा होता. ते प्रामाणिक होते, अडचण तिथेच आहे. लबाडाचा जुलूम चटकन ओळखू येतो. भल्या माणसाने आपल्याच भल्यासाठी घातलेली बेडी मात्र ओळखू येत नाही, आणि घालणाऱ्याला तर ती बेडी वाटतच नाही. म्हणून सभागृहात समोरच्या बाकावर कुणीतरी उभे राहून ‘ही बेडी आहे’ असे म्हणावे लागते.

व्हाइसरॉयने लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थानला महायुद्धात ओढले, तेव्हा १९३९ च्या अखेरीस या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्याला न विचारता निर्णय झाला, हे त्यांना सहन झाले नाही. आणि ते योग्यच होते. गिरणीतल्या कामगाराची वर्षभरापूर्वीची तक्रार तरी दुसरी काय होती?

पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.