'ज्या'पासून साइन-तरंगापर्यंत : एका मंडलाचा इतिहास

त्रिकोणमिती शिकताना विद्यार्थ्याच्या तोंडी 'साइन' हा शब्द शंभर वेळा येतो. पण तो आला कोठून, हे क्वचितच कोणी विचारतो. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणतात. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय' ग्रंथात अर्ध्या ज्येचे कोष्टक दिले. हे गणित अरब विद्वानांकडे गेले तेव्हा 'जीवा'चे 'जीबा' झाले. अरबी लिपीत तीच अक्षरे 'जैब' अशीही वाचता येतात, आणि जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. आपल्या घराघरांत खिशाला 'जेब' म्हणतात, तोच हा शब्द! बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द योजला आणि त्याचे पुढे 'साइन' झाले. अल्-बत्तानी (मृत्यू इ. स. ९२९) यांच्यासारख्या ज्योतिर्विदांनी ही ज्या वापरून ग्रहगणित सुधारले. एका शब्दाने तीन संस्कृतींचा प्रवास केला.

विसाव्या शतकात हीच ज्या विजेच्या तारेत उतरली. वर्तुळावर एकसारख्या गतीने फिरणाऱ्या बिंदूची उंची कागदावर मांडत गेलो, तर साइन-तरंग मिळतो. बिनतारी यंत्राला असा एकसारखा तरंग लागतो. शब्द आणि संदेश त्याच्याच पाठीवर बसून जातात. हा तरंग निर्माण करणाऱ्या मंडलाला आंदोलक किंवा ऑसिलेटर म्हणतात.

या मंडलाची किंमत आपल्या किनाऱ्याने फार जड मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई बंदर हाकेच्या अंतरावर होते, पण हाक मारायला साधनच नव्हते. बातमी शहरात पोचेपर्यंत काही तास लोटले.

आंदोलक चालतो कसा? सभेत माइक लाउडस्पीकरसमोर आला की कर्णा शिटी मारू लागतो, हे सर्वांनी ऐकले आहे. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, अँप्लिफायर तो वाढवतो, वाढलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. सभेत जी कटकट, तीच आंदोलकाची युक्ती. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत आर्मस्ट्राँग आणि जर्मनीत माइसनर यांनी व्हॉल्व्हमधून निघालेल्या शक्तीचा थोडा अंश परत त्याच्या तोंडाशी दिला, आणि मंडल आपोआप 'गाऊ' लागले. जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांनी याचा नियम सांगितला: फेरी पूर्ण करून येणारा तरंग मूळ तरंगाच्या पावलात पाऊल टाकून यावा आणि तेवढ्याच मापाचा यावा. माप कमी पडले तर तरंग विझतो. जास्त झाले तर त्याचे माथे कापले जातात आणि तो शुद्ध साइन राहत नाही.

कोणता सूर निघावा हे ठरवण्यासाठी हार्टली यांनी १९१५ च्या सुमारास आणि कोल्पिट्स यांनी १९१८ च्या सुमारास कॉइल व कंडेन्सर यांच्या जोड्या योजल्या. पुढे क्वार्ट्झच्या स्फटिकाने सूर आणखी पक्का केला. सूर पक्का नसेल तर ऐकणाऱ्याला केंद्र सापडणार कसे? १९४२ च्या चळवळीत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत चालवलेला गुप्त 'काँग्रेस रेडिओ' ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झवर ऐकू येई. जागा बदलली तरी सूर बदलून चालत नव्हते.

कमी कंपनांसाठी कॉइल अवजड होते. तेथे मॅक्स व्हीन यांचा १८९१ चा 'ब्रिज' कामी आला. त्याला फक्त रेझिस्टर आणि कंडेन्सर लागतात. त्यात अँप्लिफायरने तरंग बरोबर तिप्पट करावा लागतो. हे 'बरोबर' साधायचे कसे? १९३९ मध्ये विल्यम ह्यूलेट यांनी मंडलात एक लहानसा दिवा बसवला. तरंग वाढला की तार तापते, तिचा रोध वाढतो आणि अँप्लिफायर आपोआप आवरता घेतो. याच यंत्रातून एक मोठी कंपनी उभी राहिली. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांत वॉल्ट डिस्ने यांचा स्टुडिओ होता. 'फँटेशिया' चित्रपटासाठी त्यांनी आठ यंत्रे घेतली.

१९६८ मध्ये '७४१' ही चिप आली आणि संपूर्ण अँप्लिफायर नखाएवढ्या तुकड्यात मावला. तेव्हापासून मंडल रचणे हे विटा रचण्यासारखे झाले: अँप्लिफायर ही एक वीट, भोवती चार-सहा सुटे भाग. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर व्हीनच्या रचनेत जोडले, तर सुमारे १,५९० हर्ट्झचा सूर मिळतो. त्याच १९६८ साली कॅनडात स्मिथ आणि मूळचे इजिप्तचे आदेल सेद्रा यांनी 'करंट कन्व्हेयर' नावाची नवी वीट सुचवली. आपल्याकडे दिल्लीचे प्रा. राज सेनानी यांनी अशा विटांपासून आंदोलक रचण्यावर १९७० नंतरच्या दशकांत मोलाचे संशोधन केले. सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पालकांनी या इतिहासातून एक गोष्ट जरूर घ्यावी. दर्यावर पोट भरणाऱ्या किनाऱ्याला जहाजावरचा 'रेडिओ ऑफिसर' परिचित होता. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर उपग्रहाधारित नवी संकटसंदेश पद्धत पूर्णपणे लागू झाली, मोर्सची गरज संपली आणि ते पद सक्तीचे राहिले नाही. ज्याला केवळ कळ दाबता येत होती त्याचे काम गेले. ज्याला कळीमागचे मंडल समजत होते त्याला नव्या यंत्राशी जमवून घेता आले. आपली मुले-मुली उद्या आखातात जावोत, जहाजावर जावोत की पुण्या-मुंबईच्या कारखान्यात, यंत्रे त्यांच्या हयातीत अनेकदा बदलतील. म्हणून मुलाला 'हे कसे चालवतात' एवढेच विचारू नका. 'हे का चालते' हेही विचारा. बोर्लीच्या शाळेतल्या मुलीनेही सोल्डरिंगची इस्त्री हातात घ्यावी, आठ पायांची चिप जोडावी आणि पहिला सूर स्वतःच्या कानांनी ऐकावा. त्याला लागणारे सामान एका मुलाच्या जेबेत मावते.