पाटी कोणाची, नंबर कोणाचा?

आमच्या केडगावात मेडिकल टाकायचं तर फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन लागतं. मग ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला काय लागतं?

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने 1945 मध्येच मानसशास्त्रज्ञांच्या परवान्याचा कायदा केला. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग 1916 पासून होता, पण कायद्यासाठी 1992 उजाडलं. तोही आला अपंग पुनर्वसनाच्या दारातून: भारतीय पुनर्वास परिषद कायदा. त्यात ऑडिओलॉजिस्ट, विशेष शिक्षक यांच्या रांगेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बसवले. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! एका सेशनची फी कधीकधी त्याहून जास्त असते राव.

दिवसभर कोडमधली भोकं शोधणाऱ्या माझ्यासारख्याला इथलं भोक लगेच दिसतं. कायद्यातला शब्द ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’. नुसतं ‘काउन्सेलर’ किंवा ‘लाइफ कोच’ लिहिलं की सुटलात! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही व्याख्या केली ती क्लिनिकलवाल्यांचीच. बाकीच्या सायकॉलॉजिस्टांना जागा मिळाली थेट 2021 मध्ये, संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात. त्यात प्रत्येक राज्याने आपली परिषद नेमून नोंदणी करायची आहे.

इकडे रात्री दोन वाजता झोप लागत नाही म्हणून आपली पोरं इन्स्टावर थेरपिस्ट शोधतात. समोरचा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल, तर पैसे पाठवण्याआधी बिनधास्त विचारा, ‘तुमचा सीआरआर नंबर काय?’ म्हणजे त्या 1992 च्या कायद्याखालचा नोंदणी क्रमांक.