एक नियम, हजारो न्यायालये : १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेपासून उत्तनच्या न्यायिक अकादमीपर्यंत

१.
भाईंदरच्या पश्चिमेला, समुद्राला लागून वसलेल्या उत्तनने तीन राजवटींचे कायदे पाहिले. १५३४ च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीज आले, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेनंतर मराठे आले आणि १७७४ मध्ये साष्टी जिंकून इंग्रज आले. आज याच उत्तनमध्ये महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. राज्यातील नवनियुक्त न्यायाधीश येथे प्रशिक्षण घेतात आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत रुजू होतात.

२.
प्रत्येक राजवटीपुढे एकच प्रश्न होता. शेकडो ठिकाणी बसलेल्या शेकडो माणसांकडून एकच नियम एकसारखा कसा पाळून घ्यायचा? हाच प्रश्न आज संगणकतज्ज्ञांपुढे वेगळ्या वेषात उभा असतो. अनेक सर्व्हरांनी मिळून एक काम करायचे, तर त्या सर्वांचे कॉन्फिगरेशन, म्हणजे त्यांना दिलेल्या सूचनांचा संच, एकसारखा कसा ठेवायचा? भारतीय न्यायालयांच्या इतिहासात हे दोन प्रश्न एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात.

३.
आधी तांत्रिक बाजू. एखाद्या संकेतस्थळाचे काम दहा सर्व्हर वाटून घेतात. अशा समूहाला क्लस्टर म्हणतात. शुल्काचा दर बदलला, नऊ सर्व्हरांवर नवा दर पोहोचला आणि दहाव्यावर जुनाच राहिला, तर काही नागरिकांना चुकीची रक्कम दिसते. तक्रार करणारा पुन्हा पाहतो, तेव्हा त्याची विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे गेलेली असते आणि रक्कम बरोबर दिसते. पूर्ण बंद पडलेला सर्व्हर लगेच ओळखता येतो. किंचित वेगळा वागणारा सर्व्हर मात्र महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

४.
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दुखणे ओळखीचे वाटेल. पोथीची नक्कल होताना एक नकलकार एक शब्द बदलतो, दुसरा एक ओळ गाळतो, तिसरा समासातील टीप मजकुरात ओढून घेतो. शतकांनंतर पाठभेदांचे जंगल उभे राहते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यास १९१९ ते १९६६ इतका काळ लागला. सर्व्हरांमध्ये असे पाठभेद शतकांत नव्हे, आठवड्यांत तयार होतात. तंत्रज्ञ त्याला ड्रिफ्ट म्हणतात.

५.
यावरचा एक महत्त्वाचा उपाय १९९३ मध्ये नॉर्वेत आकाराला आला. ऑस्लो येथे काम करणारे पदार्थवैज्ञानिक मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ ही प्रणाली लिहिली. तिचा गाभा असा : यंत्राला ‘हे कर, मग ते कर’ असे सांगू नये, ‘तू अखेर अशा स्थितीत असले पाहिजेस’ असे सांगावे. यंत्र स्वतःला त्या वर्णनाशी पुनःपुन्हा ताडून पाहते आणि ढळले असेल तर पूर्वस्थितीवर येते. संपादक पाठभेद घडून गेल्यानंतर दुरुस्त करतो. येथे ते साचण्यापूर्वीच पुसले जातात.

६.
तरीही एक पेच उरतो. सर्व यंत्रे हुबेहूब सारखी असू शकत नाहीत; प्रत्येकाचा पत्ता, क्षमता आणि परिसर वेगळा. म्हणून मोठ्या प्रणालींत सूचनांचे थर असतात. आयबीएमच्या वेबस्फिअर या ॲप्लिकेशन सर्व्हरच्या समूहरचनेत मूळ प्रत एका व्यवस्थापक यंत्राकडे राहते आणि तिथून ती इतरांकडे पोहोचते. एखादे मूल्य संपूर्ण समूहासाठीही ठरवता येते आणि एकट्या सर्व्हरसाठीही. दोन्ही मूल्ये परस्परविरोधी असतील, तर अधिक जवळचे, म्हणजे त्या सर्व्हरचे मूल्य मानले जाते.

७.
हा वरवर किरकोळ वाटणारा नियम या विषयाचा कणा आहे. नियम कोणते, याहून अवघड प्रश्न असा की दोन नियम भिडले तर कोणाचा चालणार? मुंबई इलाख्यात हा प्रश्न लेखी स्वरूपात सोडवण्याचा मोठा प्रयत्न १८२७ मध्ये झाला. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत विखुरलेले नियम एकत्र करून जी संहिता जारी झाली, ती ‘एल्फिन्स्टन संहिता’ म्हणून ओळखली जाते.

८.
तिच्यातील चौथ्या रेग्युलेशनचे २६ वे कलम दिवाणी दाव्यांसाठी उतरंड घालून देते. प्रथम पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशने. ती लागू नसतील तर जिथे दावा उद्भवला त्या प्रदेशातील रूढी. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि यांपैकी काहीच उपलब्ध नसेल, तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. चार थर आणि त्यांचा ठरलेला क्रम. न्यायाधीश ठाण्यात बसलेला असो वा धारवाडात, वरून खाली याच क्रमाने उतरायचे.

९.
येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. वेबस्फिअरमध्ये स्थानिक मूल्य सर्वसाधारण मूल्यावर मात करते. एल्फिन्स्टन संहितेत केंद्राचे मूल्य वर आणि जिथे केंद्र मौन आहे, तिथेच रूढीला वाव. साम्राज्याची सत्ता या क्रमात स्पष्ट दिसते. मात्र रूढीला दुसरे स्थान देणेही सोपे नव्हते, कारण रूढी आधी ठाऊक असावी लागते. याच काळात आर्थर स्टील यांनी दख्खनमधील जातींच्या रूढींची माहिती गोळा केली आणि त्यांचा संग्रह १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. अलिखित स्थानिक मांडणी प्रथमच कागदावर उतरू लागली आणि उतरताना गोठलीही.

१०.
पुढील दीड शतकात न्यायालयांचे कायदे बरेच एकरूप झाले. शब्द मात्र झाले नाहीत. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी होणाऱ्या अर्जाला महाराष्ट्रातील न्यायालये आजही ‘दरखास्त’ म्हणतात. इतर अनेक राज्यांत त्याच अर्जाचे नाव ‘एक्झिक्युशन पिटिशन’. महाराष्ट्रातील ‘रेग्युलर सिव्हिल सूट’ कर्नाटकात ‘ओरिजिनल सूट’ होतो. फारसीतून आलेला शब्द, इंग्रजी संक्षेप आणि प्रत्येक उच्च न्यायालयाची नियमपुस्तिका यांनी मिळून भारताच्या न्यायव्यवस्थेत पाठभेदांचा मोठा साठा तयार केला होता.

११.
संगणक या साठ्यावर येऊन आदळला. डिसेंबर २००४ मध्ये न्यायमूर्ती जी. सी. भरुका यांच्या अध्यक्षतेखाली ई-समिती स्थापन झाली. २००५ मध्ये तिने राष्ट्रीय धोरण आणि कृती आराखडा मांडला. २००७ मध्ये ई-कोर्ट्स प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्याआधी निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या संगणक प्रणाली वापरात होत्या. ‘किती दावे प्रलंबित आहेत?’ हा साधा प्रश्न साऱ्या देशाला एकदम विचारता येत नव्हता, कारण ‘दावा’ म्हणून काय मोजायचे यावरच एकवाक्यता नव्हती.

१२.
उत्तर पुण्यातून आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’ ही समान प्रणाली घडवली. तिची रचना दोन भागांची : गाभा आणि परिघ. गाभा साऱ्या देशात एकच. परिघ प्रत्येक उच्च न्यायालयाने आपल्या नियमांनुसार व गरजेनुसार घडवायचा. ‘दरखास्त’ हे नाव पडद्यावर तसेच राहते. त्यामागे एक राष्ट्रीय संकेतांक जोडला जातो आणि मोजणी त्या संकेतांकावर होते. केंद्राचे मूल्य वरचढ की स्थानिक, या जुन्या वादाला येथे तिसरे उत्तर मिळाले : दोघांचे क्षेत्रच वेगळे करावे.

१३.
याचा सर्वांत दृश्य पुरावा म्हणजे प्रत्येक खटल्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. नमुन्यादाखल दिल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रमांकात जिल्ह्याची अक्षरे ‘एयू’ आहेत, म्हणजे औरंगाबाद. जिल्ह्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. नाव ही माणसांसाठीची खूण असते आणि क्रमांक ही यंत्रासाठीची. नाव बदलले म्हणून जुन्या खटल्यांची ओळख बदलत बसले, तर खटलाच हरवेल.

१४.
काटेकोर अर्थाने हा क्लस्टर नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. पहिल्या टप्प्यात न्यायालय संकुलात स्वतःचा सर्व्हर होता. त्यावर उबुंटू ही मुक्त प्रणाली आणि त्या संकुलाचेच खटले. हे सर्व्हर एकमेकांचे काम वाटून घेत नव्हते. पण एकसारखी मांडणी हजारो ठिकाणी टिकवण्याचे आव्हान तेच होते, किंबहुना अधिक कठीण. कारण सर्व्हर एका खोलीत नसून गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत विखुरलेले होते. दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्यात म्हणूनच क्लाउडकडे वळण्याचा विचार आला.

१५.
१९ सप्टेंबर २०१५ रोजी जिल्हा न्यायालयांची माहिती देणारे ‘नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड’ जनतेसाठी खुले झाले. प्रलंबित खटल्यांची राज्यवार, जिल्हावार आणि वयोमानानुसार आकडेवारी कोणालाही पाहता येऊ लागली. गाभा समान नसता, तर ही बेरीज निरर्थक ठरली असती. बेरजेला अर्थ येण्यासाठी आधी शब्दांवर तह व्हावा लागतो; आधुनिक न्यायप्रशासनाचा हा फारसा न सांगितला जाणारा इतिहास आहे.

१६.
मार्च २०२५ मध्ये मीरा-भाईंदरला स्वतःचे दिवाणी व फौजदारी न्यायालय मिळाले. उत्तनच्या पक्षकाराला त्यामुळे ठाण्याच्या काही फेऱ्या वाचतात. व्यवस्थेच्या दृष्टीने मात्र नवे न्यायालय म्हणजे यादीत आणखी एक नोंद : नवा संकेतांक, नव्या अधिकारमर्यादा, नवे वापरकर्ते. यांतील एक मूल्य चुकले तर तारीख चुकीच्या यादीत जाते. तिची वाट पाहणाऱ्याच्या लेखी ती तांत्रिक त्रुटी नसते. त्याच्या आयुष्यातला एक वाया गेलेला दिवस असतो.

१७.
सॉफ्टवेअर गाभा राखू शकते; नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे मात्र माणूस ठरवतो. एकाने ‘निकाली’ लिहावे आणि दुसऱ्याने तेच ‘वर्ग’ लिहावे, तर सर्व सर्व्हर तंतोतंत सारखे असूनही पाठभेद माणसांच्या हातून परत येतात. म्हणून प्रशिक्षणाला महत्त्व. एल्फिन्स्टनच्या न्यायाधीशाला चार थरांचा क्रम मुखोद्गत असावा लागे. उत्तनहून बाहेर पडणाऱ्या न्यायाधीशाला गाभा कुठे संपतो आणि आपला परिघ कुठे सुरू होतो, हे ठाऊक असावे लागते. एकरूपता यंत्रांमुळे येत असली, तरी ती टिकते कोणी काय बदलायचे याच्या लेखी करारावर, आणि तो करार पाळणाऱ्या माणसांवर.