तिसऱ्या बॅटरीची गोष्ट

कोकणातल्या जुन्या घराचा माळा आवरताना कधी कधी एक जड पेटी हाती लागते. मुंबईच्या चाकरमान्याने गणपतीला आणलेला रेडिओ म्हणा, नाटकमंडळींचा लाउडस्पीकर म्हणा, नाहीतर कुणा हौशी वादकाचा गिटारचा अँप्लिफायर म्हणा; आत काचेचे व्हॉल्व्ह दिसतात. धूळ झटकली की हात आपसूक प्लगाकडे जातो. वाचकहो, तेवढा हात आवरा. का, ते सांगायचे तर थोडे मागे जायला हवे.

१९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र, म्हणजे जाळी, बसवली. तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात. वाटेतल्या जाळीवर थोडा ऋण दाब ठेवला की त्यांचा ओघ अडतो. पोफळीच्या आगरात पाटाच्या पाण्याला फळी घालावी, तसेच हे. आवाज नसताना ही फळी किती उघडी राहावी, हे ठरवणारा दाब म्हणजेच बायस.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्या काळच्या पुष्कळ रेडिओंना तीन बॅटऱ्या लागत. पहिली तार तापवी, दुसरी प्लेटला मोठा दाब देई आणि तिसरी जाळीला ऋण दाब पुरवी. तिसरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसे; पण ती सुटली की व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढू लागे. पुढे घरच्या विजेवर चालणारे संच आले. तिसऱ्या बॅटरीचे काम पुष्कळदा कॅथोडखालच्या एका लहानशा रोधाकडे गेले. सोय झाली खरी. पण बायस नजरेआड झाला, आणि नजरेआड ते विस्मरणात!

ईएल ८४ हा व्हॉल्व्ह घ्या. इंग्लंडच्या व्हॉक्स एसी ३० या प्रसिद्ध गिटार-अँप्लिफायरात असे चार असतात. एकट्याचा नेहमीचा हिशेब असा: प्लेटवर २५० व्होल्ट, प्रवाह ४८ मिलिअँपिअर, म्हणजे १२ वॅट. त्याची मर्यादाही १२ वॅटच! चुकायला जागाच नाही. हा प्रवाह ताब्यात ठेवतो तो केवळ सव्वासात व्होल्टचा बायस.

आता आपल्या रत्नागिरीचा पाऊस पाहा. वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक! असे चाळीस-पन्नास पावसाळे काढलेला कागदी कंडेन्सर आतून ओल धरतो. मग आधीच्या व्हॉल्व्हचा धन दाब जाळीपर्यंत झिरपतो. गळती अवघी १० मायक्रोअँपिअर असली, तरी ४,७०,००० ओहमच्या रोधावर ४.७ व्होल्ट उभे राहतात. सव्वासातपुढे ही भर लहान नव्हे. प्लेट लाल होते, व्हॉल्व्ह जातो आणि मागोमाग आउटपुट ट्रान्सफॉर्मरही. व्हॉल्व्ह आजही नवा मिळतो. त्याच संचाचा ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण.

म्हणून घाई नको. प्रथम १०० वॅटचा साधा तारेचा दिवा वाटेत जोडून वीज द्यावी. दिवा भगभगीत पेटून तसाच राहिला, तर बंद करावे. ठीक असेल तर दिवा काढून मीटरची काळी तार सांगाड्याला लावावी आणि आधी जाळी तपासावी. कॅथोड-रोधाच्या संचात तिथे शून्य हवे. धन दाब दिसला की कंडेन्सर बदलावा. मग कॅथोडचा दाब मोजून रोधाने भागावा, प्रवाह कळतो. मोजताना एक हात खिशात ठेवावा. प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर जीवघेणा दाब धरून असतात. ते रोधातून रिकामे करून मीटरने खात्री करावी. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही जुन्या रेडिओंत तर सांगाडाच घरच्या विजेला जोडलेला असतो. तो जाणकारानेच उघडावा.

पूर्वी तिसरी बॅटरी माणूस स्वतःच्या हाताने जोडी, म्हणून ती ध्यानात राही. आता ती आठवण मीटरने ठेवायची. तेवढा धीर धरलात, तर माळ्यावरची पेटी पुन्हा बोलेल. आणि पुढच्या पावसाळ्यातही बोलत राहील.