एकाच घरच्या दोन राजदूत

वर्षानुवर्षे गोठ्याशेजारी पडून असलेली मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर धावू लागली की लोक म्हणतात, गाडी साधी होती आणि मिस्त्री हुशार होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. एस्कॉर्ट्स कंपनीने ‘राजदूत’ याच नावाने दोन गाड्या विकल्या, त्यांची कहाणी बघावी. पहिली पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली: 173 सीसी, तीन गिअर, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली आणि तीन दशके जवळपास तशीच राहिलेली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूध घालायला निघालेली राजदूत महाराष्ट्रातल्या एका पिढीने रोज पाहिली. दुसरी 1983 मध्ये यामाहाच्या तंत्रावर आलेली राजदूत 350: दोन सिलिंडर, सहा गिअर, त्या काळी इथल्या रस्त्यांवर दुसरीकडे न दिसणारा वेग. ती पेट्रोल फार पीत होती, गिऱ्हाईक थोडे मिळाले आणि दशक सरताना ती बंद पडली. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींची ठिणगी पॉइंट आणि कंडेन्सरवर, दोन्हींचे टायमिंग पाना आणि फीलर गेज घेऊन जुळवता येणारे. तरी एकीचा पिस्टन तालुक्याच्या दुकानात सहज मिळत असे. दुसरीच्या भागांसाठी आजही मालक परदेशातून पार्सल मागवतात.

फरक पडला तो गाड्यांच्या संख्येने आणि त्या किती वर्षे बनत राहिल्या याने. पिस्टन ओतायला साचा लागतो, आणि साच्याचा खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच छोट्या कारखानदाराला परवडतो. 1951 च्या औद्योगिक कायद्याने कोणी काय आणि किती बनवायचे ते परवान्यावर ठेवले, परकीय चलनाच्या टंचाईने आयात अडवली, आणि बाजारात मोजकीच मॉडेले वर्षानुवर्षे न बदलता राहिली. साचा एकदा केला की पुढची वीस वर्षे चालत होता. मिस्त्रीचे ज्ञानही असेच साठत गेले. गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाली की पहिल्या किकला सुरू होते, म्हणजे आधी कंडेन्सर बदलून बघायचा. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधले ऑइलही कमी होते, म्हणजे क्रँकचे ऑइल सील गेले. हे शहाणपण कुठल्या वर्गात शिकवले गेले नाही. तोच दोष शेकडो वेळा समोर आल्याने ते हातात बसले. वर्षातून एखादी वेळ दारात येणाऱ्या गाडीवर असा हात बसत नाही.

यावर कोणी म्हणेल, आपला कारागीर लेथवर काहीही घडवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगराकडे पाहिले तर हे म्हणणे पोकळ वाटत नाही. बुश, स्पेसर, झिजलेल्या सिलिंडरला स्लीव्ह, गेलेले आटे, ही कामे तिथे उत्तम होतात. पण सिलिंडरला बोअर मारल्यावर त्यात बसणारा ओव्हरसाइझ पिस्टन आणि रिंगा डबीतूनच याव्या लागतात. तो कसबी हात डबी मिळते तिथे चमत्कार करतो आणि ती मिळेनाशी झाली की अडतो. त्याच्या कौशल्याविषयी मनापासून आदर असणाऱ्याने ही मर्यादा सांगायलाच हवी, कारण ‘जुगाड’ म्हणून त्याचे कौतुक करताना त्याला लागणाऱ्या पुरवठ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न झाकला जातो.

साधेपणाचा मुद्दाही तपासून पाहता येतो. बीएसए, एरियल, नॉर्टन या ब्रिटिश गाड्याही पान्याने उघडणाऱ्याच होत्या, पण आयात आटली तशा त्या आपल्या रस्त्यांवरून विरत गेल्या. त्यांच्याच कुळातली बुलेट मात्र 1955 पासून मद्रासला बनू लागली, मायदेशी कंपनी बंद पडली तरी इथे बनत राहिली आणि म्हणूनच टिकली. उलट बाजूने 1994 ची स्प्लेंडर घ्या. तिच्या इग्निशनची सीलबंद सीडीआय डबी कोणी उघडत नाही, बिघडली की फेकून नवी लावतात. तरीही ती दुरुस्त न करणारे गॅरेज गावोगाव शोधून सापडायचे नाही, कारण ती अफाट संख्येने विकली गेली.

मग हे परवाना राजचे गुणगान झाले का? मुळीच नाही. त्या व्यवस्थेची किंमत गिऱ्हाइकाने मोजली. स्कूटरसाठी दहा-दहा वर्षांची प्रतीक्षा, सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा, नवे काही करण्याची गरजच न वाटणारे कारखानदार. 1980 च्या दशकात जपानी सहकार्याच्या शंभर सीसी गाड्या आल्या तेव्हा लोक तिकडे वळले ते योग्यच होते. दुरुस्तीची सोय हे त्या धोरणाचे अनपेक्षित फळ होते. मैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून 1996 पर्यंत जावा आणि येझदीचे मूळ इंजिन फारसे न बदलता चालवले. कारखाना बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी येझदी आज चालते, ती त्या पस्तीस वर्षांत रस्त्यावर उतरलेल्या गाड्यांच्या आणि त्यांच्यासाठी भाग बनवणाऱ्यांच्या जोरावर.

म्हणून 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनेही घेतली, ती घटना महत्त्वाची वाटते. 2020 च्या बीएस-6 नियमांनंतर दुचाकीत फ्युएल इंजेक्शन आणि संगणकीय नियंत्रण आले, मॉडेलेही भराभर बदलतात. आता केवळ दुरुस्तीची माहितीपुस्तिका खुली करण्यावर समाधान मानता येणार नाही. मॉडेल बंद करताना कंपनीने ठरावीक वर्षे सुटे भाग पुरवावेत, आणि ते जमत नसेल तर त्या भागांची रेखाचित्रे आणि साचे ते बनवू इच्छिणाऱ्या छोट्या कारखानदाराला रास्त दरात द्यावेत, अशी सक्ती कायद्यानेच करावी लागेल.